मारबतीच्या दिवशी केलेली मोजणी

आदरणीय श्री. डोमाजी चाफले यांची आणि माझी पहिली भेट झाली, तो पोळ्याचा दुसरा दिवस होता. हे मला आज माहीत आहे, त्या सकाळी माहीत नव्हते. मी मूळचा साताऱ्याकडचा. आमच्याकडे बैलांचा सण म्हणजे बेंदूर, आणि तो पोळ्याच्या कितीतरी आधी उरकतो. विदर्भात पोळा होतो, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि त्या दिवशी सगळे नागपूर मारबतीची, म्हणजे इडापीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक पाहायला लोटते, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

पुण्याच्या एका सल्लागार कंपनीत मी नवा अभियंता म्हणून लागलो होतो. नागपुरात येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. शहराच्या दक्षिण कडेला, बेसा गावाच्या अलीकडे, एक रेल्वे फाटक होते. ते कायमचे बंद करून तिथे उड्डाणपूल बांधायचे ठरले होते. वाहने पुलावरून जाणार, हे पक्के होते. पायी जाणाऱ्यांना रुळांखालून भुयारी वाट द्यायची की नाही, हे मात्र दिवसभरात किती माणसे पायी फाटक ओलांडतात यावर ठरणार होते. ती माणसे मोजायला मला पाठवले होते. कागदावर लिहिले होते : कामाचा एक दिवस. तारीख पुण्याहून आली होती आणि पुण्याच्या कॅलेंडरात त्या दिवशी काम होते.

सकाळी सहापासून मी फाटकाच्या खांबाला टेकून उभा राहिलो. माणसे फारशी येईनात. चहाची टपरीदेखील बंद. नऊच्या सुमाराला पूर्वेकडच्या वस्तीतून पांढरा पायजमा-सदरा घातलेले एक उंच, सडपातळ गृहस्थ हातात पाण्याचा लोटा घेऊन आले. तेच डोमाजी. या फाटकावर तीसहून अधिक वर्षे गेटमन म्हणून त्यांनी नोकरी केली होती आणि निवृत्त झाल्यावरही फाटकापासून हाकेच्या अंतरावरच ते राहत होते.

“काय करून राहिले साहेब?” त्यांनी विचारले.

“माणसं मोजतोय.”

“आज?” ते हसले. “आज कोन भेटन तुमाले? सारे मारबत पाहाले तिकडं शहरात, इतवारीत गेले न जी. शाळा बंद, बजार बंद. उद्या मोजा.”

“काका, तारीख वरून ठरून आली आहे,” मी म्हणालो. “मोजणी म्हणजे मोजणी.”

ते लोटा माझ्याजवळ ठेवून शेजारच्या दगडावर बसले. मी त्यांना विचारले, तुम्ही नाही गेलात मिरवणुकीला? तर म्हणाले, “सनाच्या दिवशी गाड्या का बंद राह्यते? साऱ्या सनाले ड्युटीच केली. आता जाची आदतच नाही.” दुपारी मला खायला काही मिळणार नाही हे त्यांच्या माझ्याआधी लक्षात आले. ते घरी गेले आणि फडक्याने झाकलेले एक ताट घेऊन आले. त्यात आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या होत्या. “शेजारची शेवंताबाई दरसाल धाडते,” म्हणाले. “आमच्या घरची बी इतक्या नरम नाही करत. पन हे तिच्यासमोर नोका बोलू.” मी चार पोळ्या खाल्ल्या, त्यांचे आभार मानले आणि संध्याकाळी सहाला माझा आकडा लिहून निघून गेलो. आकडा लहान होता. इतका लहान की तो लिहिताना माझा हात क्षणभर थांबला होता. पण अहवाल द्यायला दोन दिवस उरले होते आणि पुन्हा मोजायचे तर पुण्याला कारण सांगावे लागले असते. मी ते टाळले.

गौरवलेखात गौरवमूर्तींचे गुण सांगायचे असतात, आपली पापे नव्हे, याची मला कल्पना आहे. पण डोमाजींचा मोठेपणा माझ्या या पापाला वगळून सांगता येत नाही, म्हणून वाचकांनी थोडे सहन करावे.

डोमाजींच्या नोकरीबद्दल या ग्रंथात त्यांचे जुने सहकारी लिहितीलच. मी फक्त फाटकाची शिस्त सांगतो, कारण ती मी त्यांच्याच तोंडून ऐकली. स्टेशनमास्तरांचा फोन यायचा, त्यांनी सांगितलेला त्या गाडीचा खुणेचा नंबर वहीत लिहून घ्यायचा, चाक फिरवून फाटक लावायचे आणि मग गाडी जाईपर्यंत देव जरी आला तरी उघडायचे नाही. एकदा एक नवरदेव घोड्यासकट अडकला होता. वरातीतल्या कोणीतरी, घटका टळते आहे, म्हणून डोमाजींची कॉलर धरली. डोमाजींनी कॉलर सोडवून घेतली नाही आणि चाकही फिरवले नाही. गाडी गेल्यावर फाटक उघडून तेच नवरदेवाला म्हणाले, “जा बाप्पा, नांदा सौख्यभरे.” ही गोष्ट सांगताना ते नेहमी हसत. “फाटक लावलं का लोकायच्या शिव्या,” ते म्हणत, “आन उघडलं का कोनी राम राम बी घालत नाही.”

दुसरी गोष्ट ते कधी सांगत नसत. ती मला त्यांच्या पत्नींनी सांगितली. शेवंताबाईंचे यजमान एका दुपारी छातीत कळ येऊन पडले. त्यांना ऑटोत घालून दवाखान्यात न्यायला निघाले आणि फाटक लागलेले. मालगाडी होती, ती पुढे सिग्नलला अडून फाटकातच उभी राहिली. ड्युटीवर डोमाजी होते. ऑटोत शेवंताबाई नवऱ्याचे डोके मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि दहा हातांवर डोमाजी चाकाजवळ उभे होते. दोघांनाही करण्यासारखे काही नव्हते. दवाखान्यात पोचायला उशीर झाला.

त्यानंतरच्या पोळ्याला आता ताट येणार नाही असे डोमाजींनी धरून चालले होते. ताट आले. शेवंताबाईंनी स्वतः आणून ठेवले आणि म्हणाल्या, “फाटक लावनं तुहं काम होतं, डोमाभाऊ. तू काय करशीन?” चाफले काकू सांगत होत्या की त्या दिवशी डोमाजी ते ताट समोर ठेवून संध्याकाळपर्यंत बसून राहिले.

म्हणून फाटक हटवायची चर्चा सुरू झाली तेव्हा सगळी वस्ती साशंक असताना हे एकटेच उघडपणे त्या बाजूने बोलले. ज्याने आयुष्य फाटकावर काढले त्यानेच फाटक जाऊ द्या म्हणावे, याचे लोकांना नवल वाटले. काहींना संशयही आला. रेल्वेचा माणूस रेल्वेचेच बोलणार, असे लोक म्हणू लागले.

मग नकाशा आला. समाजमंदिरात सभा भरली. मी आणि माझे वरिष्ठ समोर खुर्च्यांवर बसलो होतो. पूल दाखवला तेव्हा लोकांनी मान डोलावली. रुळांच्या दोन्ही बाजूंनी सलग भिंत दाखवली तेव्हा कुजबुज सुरू झाली. पायी जायची वाट कुठे आहे, असे कोणीतरी विचारले. वरिष्ठांनी शांतपणे सांगितले की पायी जाणाऱ्यांची संख्या अगदीच कमी भरली, त्यामुळे भुयारी वाट मंजूर झालेली नाही. पायी जाणाऱ्यांनी पुलावरून जावे.

पुलाचा एक उतार कुठे सुरू होतो आणि दुसरा कुठे संपतो हे पाहिले, की रुळांपलीकडच्या शाळेत पोचायला पाच मिनिटांऐवजी किती वेळ लागेल हे कोणालाही कळत होते. पश्चिमेला शाळा, दवाखाना आणि भाजीबाजार. पूर्वेला राहती वस्ती. सभेत एकच गलका झाला. “कमी लोक? कोनं सांगतलं कमी लोक?” आणि मग मागून एक आवाज आला : “डोमाजीच बसले होते साहेबाजवळ. म्या पाह्यलं. ताट घेऊन गेलते.”

मारबतीहून लवकर परतलेल्या कोणीतरी आम्हाला दगडावर बसलेले पाहिले होते. त्याला दिवस आठवत नव्हता, ताट तेवढे आठवत होते.

सगळी सभा डोमाजींकडे वळली. मी त्यांच्याकडे पाहिले. एका वाक्याचे काम होते. मोजणी मारबतीच्या दिवशी झाली, मी या पोराला सांगितले होते, त्याने ऐकले नाही. माझे वरिष्ठ शेजारीच होते आणि त्या संध्याकाळीच माझी नोकरी संपली असती. डोमाजी उठले, म्हणाले, “मोजनी चुकली हाये. पुन्हा करा लागते,” आणि खाली बसले. कोणाची चुकली, ते त्यांनी सांगितले नाही. मीही सांगितले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. ती चोराच्या खुर्चीत बसून पाहायची वेळ माझ्यावर त्या दिवशी आली.

बायकांच्या रांगेतून शेवंताबाई उठल्या. त्या डोक्यावर टोपली घेऊन रोज पलीकडच्या बाजारात भाजी विकायला जात. गुडघे तेव्हाच दुखत होते. त्या सर्वांदेखत म्हणाल्या, “फाटक लावलं ते तुहं काम होतं, डोमाभाऊ. त्याचं मले काही वाटलं नाही. पन खोटं काहून सांगतलं गा?”

डोमाजी उठले आणि घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. पाया पडायला वाकलो तर त्यांनी मला खांद्याला धरून उठवले. मी म्हणालो, मी आजच सगळ्यांना सांगतो आणि राजीनामा देतो. ते चहा बशीत ओतत होते. ओतणे संपवून म्हणाले, “मंग? तुमाले काढन, दुसरा साहेब येईन. तो बी तिकडूनच येईन. त्याले पुन्हा पयल्यापासून मारबत समजून सांगा लागन. तुमाले तर आता समजली न?” आणि मग जरा कडक आवाजात : “ज्याच्या हातून बिगडलं त्याच्याच हातून दुरुस्त झालं पायजे. बसा. च्या घ्या. आन हे कोनाले बोलू नोका, माही शप्पत हाये तुमाले.”

फेरमोजणीसाठी मी कंपनीला पत्र लिहिले. पहिली मोजणी स्थानिक सुटीच्या दिवशी झाल्याने ग्राह्य धरू नये, असे त्यात लिहून खाली सही केली. पुण्याहून बोलणी खावी लागली ती खाल्ली. मग मी पूर्ण आठवडाभर फाटकावर बसलो आणि डोमाजी रोज माझ्या शेजारी बसले. त्या आठवड्यात मी जे शिकलो ते मला अभियांत्रिकीच्या चार वर्षांत कोणी शिकवले नव्हते. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत फाटकापर्यंत आले. मालगाडी उभी पाहून थोडे थांबले आणि घरी परत गेले. डोमाजींनी माझ्या कागदात डोकावून विचारले, “हा मानूस कुठी लिवला?”

“ते ओलांडून गेलेच नाहीत,” मी म्हणालो.

“गेले नाही म्हनूनच लिवा न. त्याले जाचं होतं.”

मी कागदावर एक नवी रेघ मारून ‘परत गेलेले’ असा रकाना काढला. त्यानंतर मी महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी अशा मोजण्या केल्या आहेत. छापील नमुन्यात तो रकाना आजही नसतो. मी हाताने आखतो.

भुयारी वाट मंजूर झाली, पण निराळे काम म्हणून, निराळ्या फायलीतून. पूल आधी पुरा झाला, फाटक बंद झाले, भिंती उभ्या राहिल्या आणि वाट मात्र दीड पावसाळा मागे राहिली. माझ्या त्या एका दिवसाची किंमत वस्तीने या काळात मोजली. पूल बांधताना धूळ, वळणरस्ते आणि चिखल सगळ्यांच्याच वाट्याला आले होते. फाटक लागल्यावर थांबणाऱ्या माणसांवर ज्यांचे पोट होते, तो टपरीवाला आणि तो पंक्चरवाला, त्यांची गिऱ्हाइके आता डोक्यावरून जात होती. तरीही पुलाचा फायदा उघड होता. रुग्णवाहिका एकदाही न थांबता जाऊ लागली, तेव्हा डोमाजी अंगणात उभे राहून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहत. हाल होते ते पायी चालणाऱ्यांचे.

लोकांनी भिंतीला भगदाड पाडले, हे ओघानेच आले. आणि त्या भगदाडासमोर रोज सकाळी डोमाजी जाऊन उभे राहू लागले. पूर्वी फाटक होते, गाडी येताना कळत होती. आता तिथे थांबवणारे कोणी नव्हते, आणि रुळांवरून पळणारे माणूस गाडीला दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत होते? कसलाही अधिकार नसताना सत्तरीकडे झुकलेला हा माणूस भगदाडात पाय रोवून उभा राही. शाळेतल्या मुलींना एका रांगेत पुलावरून पलीकडे पोचवून येई आणि पुन्हा उभा राही. लोकांनी त्यांना काय काय म्हटले ते इथे लिहीत नाही. एका सकाळी मी तिथे असताना शेवंताबाई टोपली घेऊन आल्या.

“सर गा बाजूले.”

“पुलावरून जा वं, शेवंताबाई. टोपली मी धरतो.”

“फाटक गेलं तरी तू मले थांबवूनच राह्यला!” त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. टोपली त्यांनी दिली नाही. गुडघ्यावर हात ठेवून पुलाची चढण चढत गेल्या. रोज उशीर होऊ लागल्याने बाजारातली त्यांची बसायची जागा, शाळेच्या वळणावरची, दुसऱ्या कोणी घेतली. त्या वर्षी पोळ्याला चाफल्यांच्या घरी ताट आले नाही. तेव्हापासून आजवर आलेले नाही.

भुयारी वाट झाली त्यालाही आता काही वर्षे लोटली. उतार मुद्दाम सौम्य ठेवला आहे. तो नकाशावर आखताना माझ्या डोळ्यांसमोर कोणाचे गुडघे होते ते आता वाचकांना कळलेच असेल. टपरी आणि पंक्चरचे दुकान वाटेच्या तोंडाशी यावे म्हणून डोमाजींनी अर्जावर अर्ज केले आणि ते आणले. पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून नालीच्या जाळीत अडकलेला पाला ते स्वतः काठीने काढतात. शेवंताबाई त्याच वाटेने रोज जातात. डोमाजी जाळीपाशी असले तर त्या दुसऱ्या बाजूच्या भिंतीकडे पाहत जातात.

मी त्यांना कितीदा म्हटले, मला सांगू द्या. दर वेळी तेच उत्तर : “काहून? तुमचं नाव आयकून तिचे गुडघे बरे होईन का?” त्यांचा शब्द मी इतकी वर्षे पाळला. ते मला गुरुस्थानी आहेत आणि गुरूची आज्ञा मोडू नये म्हणतात. पण अमृतमहोत्सवाच्या या ग्रंथासाठी लिहा, असे समितीने मला कळवले तेव्हा मला कळून चुकले, की त्यांची थोरवी गायची आणि मूळ गोष्ट दडवायची, तर तो लेख म्हणजे माझी दुसरी खोटी मोजणी होईल. म्हणून ही आज्ञा मी आज मोडतो आहे. ते रागावतील. मी जाऊन चहा पिऊन येईन.

शेवंताबाईंना वाचता येत नाही. म्हणून हा लेख छापून झाल्यावर समारंभात मोठ्याने वाचून दाखवावा, आणि त्या वेळी त्यांना पुढच्या रांगेत बसवावे, एवढी माझी समितीला हात जोडून विनंती आहे.

शेवंताबाई, तुमच्या डोमाभाऊंनी खोटे सांगितले नव्हते. त्यांनी मला खरे सांगितले होते, मी ऐकले नाही. त्या दिवशी त्यांच्या ताटातल्या तुमच्या हातच्या पुरणपोळ्या मी पोटभर खाल्ल्या आणि मोजताना तुम्हालाच सोडले. तुमची बाजारातली जागा माझ्यामुळे गेली. दोष माझा आहे, आणि तो मी तुमच्यासमोर, सर्वांसमक्ष कबूल करतो.

डोमाजींना शंभर वर्षांचे निरोगी आयुष्य लाभो. त्यांची पाठ अशीच ताठ राहो, कान असेच तीक्ष्ण राहोत आणि काठी फक्त नालीतला पाला काढायलाच लागो. आणि त्या उरलेल्या पंचवीसही पोळ्यांना शेजारच्या घरून फडक्याने झाकलेले ताट त्यांच्याकडे येवो. मला त्यातली एकही पोळी नको. मी त्या दिवशी फक्त दाराशी उभा राहून ताट आले की नाही ते मोजीन.